खट् झालं पाहिजे

रामबागेतले अण्णा कुलूप लावलं की ओढून पाहतात. यात विशेष काही नाही, कुलूप सगळेच ओढतात. अण्णा ते लावताना कान देतात. दांडा आत बसताना जो 'खट्' होतो तो ऐकू आला नाही, तर कुलूप उघडून पुन्हा लावायचं, हा त्यांचा नियम. इंदूर 2017 पासून स्वच्छतेत देशात पहिलं येतंय, याचा अण्णांना रास्त अभिमान आहे. पण सकाळी कचरागाडी गाणं वाजवत गल्लीत शिरली की त्यांना घराबाहेर पडता येत नाही. त्या गाण्यात खट् बुडतो. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत अण्णा किल्ली हातात धरून उंबऱ्यावर उभे असतात आणि आतून काकू विचारतात, "अहो, गेलात की आहात?"

ही जात सगळीकडे आहे. लिफ्टचं बटण लाल झालेलं दिसत असूनही जाऊन पुन्हा दाबणारे, पाकिटावर तिकीट डकवून वर मूठ मारणारे, "मेसेज पाठवलाय, मिळाला का?" हे विचारायला लगोलग फोन करणारे, हे सगळे एकाच पंथातले. अण्णा त्या पंथाचे महंत. एखादी गोष्ट झाली हे त्यांना दिसून पटत नाही, कोणी सांगून तर अजिबातच पटत नाही. ती बोटाला लागली पाहिजे.

त्यांचं बालपण मल्हारगंजातल्या एका वाड्यात गेलं. तिथे लाकडी पट्टीवर काळे, गोल, पोटफुगे खटके होते. खाली पाडला की शेजारच्या बिऱ्हाडातही कळायचं, यांच्याकडे दिवा लागला. अण्णांच्या मते वीज म्हणजे तीच. आताचे पांढरे सपाट स्विच त्यांना मान्य नाहीत. मागे घराचं वायरिंग नव्यानं करायचं ठरलं तेव्हा ते स्वतः महाराणी रोडच्या बाजारात गेले, मला घेऊन. दुकानदारानं काउंटरवर डबा उपडा केला. अण्णांनी एकेक स्विच उचलून कानाशी नेला, डोळे मिटले आणि खट्-खट्, खट्-खट् करून बाजूला ठेवला. काही डावीकडे, काही उजवीकडे. दिसायला सगळे एकाच कंपनीचे, एकाच मापाचे. दुकानदार बराच वेळ पाहत होता. शेवटी म्हणाला, "भिया, लाइट लगानी है कि तबला मिलाना है?"

अण्णा न रागावता म्हणाले, "दोनों में सुर एक ही लगता है।" आणि उजवीकडचा ढीग बांधून घेतला.

या कानाचं आणि बोटाचं मूळ त्यांच्या नोकरीत आहे. अण्णा एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होते. संध्याकाळी घरच्या पडवीत टायपिंगचा क्लास चालवायचे. ए एस डी एफ जी एफ, सेमीकोलन एल के जे एच जे, या मंत्राच्या घोषात रामबागेतल्या दोन पिढ्या वाढल्या. टाइपरायटर गोदरेजचा. 1955 साली मुंबईत गोदरेजनं पहिला भारतीय टाइपरायटर काढला, हे वाक्य क्लासच्या पहिल्या दिवशी प्रत्येक विद्यार्थ्याला ऐकावं लागे. मग हातांवर उभा खोका ठेवून की-बोर्ड झाकला जाई. डोळ्यांनी टाइप करणारा माणूस अण्णांच्या लेखी अडाणी.

टाइपरायटरची कळ दाबताना बोटाला एक छोटासा प्रवास घडतो. सुरुवातीला कळ अडते, मध्यावर जड होते, आणि मग अचानक सुटते. तेवढ्यात पलीकडे लोखंडी दांडी उडते, फितीवर आदळते आणि कागदावर अक्षर उमटतं. जे बोटाला लागलं तेच कानाला ऐकू येतं आणि तेच डोळ्यांना दिसतं. तीन साक्षीदार, तिघांची जबानी एक. ओळ संपत आली की घंटी वाजते. हिंदी मशीनवर 'ख', 'ण', 'श' ही अक्षरं सरळ येत नाहीत. आधी अर्धं अक्षर, मग काना, असे दोन ठोके. अण्णांच्या क्लासबाहेरून जाणाऱ्याला नुसत्या आवाजावरून कळायचं म्हणे की आत 'शोषण' चाललंय की 'पालन'. म्हणे, असं मी म्हणतो. अण्णा ते छातीवर हात ठेवून सांगतात.

कचेरीत एका मूळ प्रतीखाली चार कार्बन असायचे आणि साहेबाला पाचवी प्रतही वाचता यायला हवी होती. त्यामुळे अण्णांचा हात जड झाला तो कायमचा. त्यांचा पूर्णविराम कागदाच्या आरपार जाई. इंग्रजी पत्रातल्या 'ओ'च्या पोटातला कागद गोल कापून खाली पडे. त्यांच्या हातचं पत्र मागच्या बाजूनं बोटांनी चाचपून कळायचं की साहेब किती रागावलेत.

असा हा माणूस निवृत्त झाला आणि पुण्याच्या मुलानं वाढदिवसाला त्याला काचेचा फोन पाठवला.

त्याआधी त्यांच्याकडे नोकियाचा तो 2003 सालचा, टॉर्चवाला फोन होता. रबरी बटणं, पण दाबल्यावर जाणवणारी. खिशात हात घालून, न बघता अण्णा त्यावर निरोप लिहीत. लग्नाच्या पंगतीत वाढप्याला दिसू न देता त्यांनी काकूंना 'श्रीखंड आंबट' एवढं कळवल्याची साक्ष खुद्द काकू देतात. नवा फोन हातात आला तेव्हा अण्णांनी तो उलटापालटा केला, चारी कडा चाचपल्या आणि विचारलं, "याला बटणं कुठून लावायची?"

आता खरी अडचण सांगतो. या काचेला जोर कळत नाही. काचेखाली न दिसणारी एक जाळी असते, तिच्यावर अगदी थोडा विद्युतभार खेळत असतो. बोट टेकलं की तो बदलतो, आणि बोट कुठे आहे ते फोनला समजतं. टेकलं की झालं. पूर्वी काही यंत्रांवर दुसऱ्या जातीचे पडदे असायचे. वर लवचीक पापुद्रा, मध्ये बारीक फट, दाबलं की दोन थर एकमेकांना भिडायचे. नखानंही चालायचे, पेन्सिलीच्या टोकानंही. अण्णांना ते पडदे आवडत, कारण तिथे कष्टाला किंमत होती. या नव्या काचेला चार कार्बनवाला हात आणि बाळाचा हात सारखाच. बरं, जोर कळत नाही तो नाही, पण वेळ मात्र बरोबर कळतो. बोट जरा रेंगाळलं की फोनला वाटतं, या गृहस्थांना काहीतरी वेगळं म्हणायचंय. अण्णा अक्षर नीट उमटावं म्हणून दाबून धरायचे, आणि फोनवरची चिन्हं थरथरून विचारायला लागायची, काढून टाकू का? 'होय' कुठे आणि 'नाही' कुठे हे शोधताना अण्णांनी बँकेचं, रेल्वेचं आणि पंचांगाचं अॅप घालवलं. पंचांग गेल्याचं दुःख काकूंना झालं, बाकीच्यांचं कोणालाच नाही.

"अरे, मी दाबून राहिलोय, हा 'हो' तरी म्हणेल का?" अण्णा मला विचारायचे. इंदूरच्या मराठीत माणूस दाबत नाही, दाबून राहतो. अण्णांच्या बाबतीत ते शब्दशः खरं होतं.

जेल रोडच्या एका मोबाइलवाल्या पोरानं यावर उपाय सांगितला. "दादा, वायब्रेशन ऑन कर दूँ? हर बटन पे फील आएगा।" त्यानं ते चालू करून दिलं. पण फोन होता स्वस्तातला. असल्या फोनमध्ये एक चिमुकली मोटर असते, तिच्या टोकाला एका बाजूला जड असं वजन. मोटर फिरली की तोल जातो आणि फोन थरथरतो. तिला वेग घ्यायला वेळ लागतो आणि थांबायलाही. म्हणजे अण्णांनी 'न' दाबला की थरथर येणार 'म'पर्यंत पोचल्यावर, आणि 'स्का'मध्ये मागची सगळी थकबाकी एकदम. 'नमस्कार' लिहून होईपर्यंत फोन अखंड गुणगुणत राही. टेबलावर ठेवून लिहायला लागले तर तो सरकत सरकत कडेला जाई. तिसऱ्या दिवशी अण्णा पुन्हा जेल रोडला गेले. "भाई, इसमें भौंरा घुस गया है। निकालो।"

या काळात त्यांना थोडासा दिलासा मिळायचा तो पोहेवाल्याकडे. सकाळी पोहे, वर जिरावन, शेव, बाजूला जिलेबी, आणि पैसे द्यायला ते चौकोनी कागदावरचं चिन्ह. अण्णा पैसे पाठवतात आणि हलत नाहीत. ठेल्यावरचा छोटा डबा खणखणीत आवाजात रक्कम मिळाल्याचं जाहीर करतो, मगच ते पहिला घास घेतात. दोन ठेले सोडून तिसऱ्याचे पोहे जास्त चांगले आहेत, हे सगळ्या रामबागेला ठाऊक आहे. पण तिथे डबा नाही.

दुसरा दिलासा पाच वर्षांतून काही वेळाच येतो. मतदानाचं यंत्र! अण्णांच्या मते भारत सरकारनं टायपिस्ट लोकांना विचारून केलेली ही एकमेव वस्तू. निळं बटण दाबायचं, ते खरोखर आत जातं. शेजारी लाल दिवा लागतो. खिडकीत चिठ्ठी दिसते, सात सेकंद थांबते आणि आत पडते. मग तो लांबलचक 'पीऽऽ'. बोट, डोळा, कान. पुन्हा तिघांची जबानी. 1998 साली ही यंत्रं मध्य प्रदेश, राजस्थान आणि दिल्लीतल्या मिळून 16 विधानसभा मतदारसंघांत वापरून पाहिली गेली, तेव्हा चिठ्ठी नव्हती, पण बटण आणि शिट्टी होतीच. अण्णा मतदानाला आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून जातात. शिट्टी पूर्ण वाजून थांबेपर्यंत पुठ्ठ्याच्या आडोशामागून बाहेर येत नाहीत. मत कोणाला दिलं हे त्यांनी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. आवाज कसा आला ते मात्र सगळ्यांना सांगतात.

काकूंचा या विषयातला अनुभव वेगळा आणि अधिक कष्टाचा. त्यांच्या ओट्यावर सपाट काचेची इंडक्शन शेगडी आली. कणकेचा हात लागला तर ती ऐकत नाही, ओला हात लागला तर भलतंच ऐकते, आणि दूध उतू जाऊन तिच्या बटणांवर सांडलं की कोणी न सांगता स्वतःच काहीतरी दाबून घेते. काकूंनी तिच्यावर संताप केला नाही. एक कोरडा पंचा बाजूला ठेवला, बोट पुसायचं आणि टेकवायचं. आठवडाभरात प्रश्न मिटला. अण्णांना हे समजलंच नाही. "पण तुला कसं कळतं की लागली?" त्यांनी विचारलं. "दूध तापतं," काकू म्हणाल्या.

दिवाळीला भाचा आला. तो सुपर कॉरिडॉरवर एका कंपनीत आहे. नेमकं काय करतो ते घरात कोणाला माहीत नाही, पण सुट्टीच्या दिवशीही करतो. झोपाळ्यावर बसून त्यानं आपला लॅपटॉप उघडला. अण्णा शेजारी टेकले. की-बोर्डच्या खाली जी सपाट पाटी असते, तिच्यावर त्यांनी सहज बोट ठेवलं आणि दाबलं.

खट्.

अण्णांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पुन्हा दाबलं. खट्. कोपऱ्यात दाबलं, मध्यावर दाबलं, वरच्या कडेला दाबलं. सगळीकडे एकसारखा, नेमका, कोरडा, थोडक्यात आटोपणारा खट्. "ही वस्तू! अरे, याला म्हणतात वस्तू! कोणी केली? याची स्प्रिंग दाखव मला."

भाचा हसला. त्यानं लॅपटॉप पूर्ण बंद केला आणि म्हणाला, "मामा, आता दाबा."

अण्णांनी दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. फरशीवर बोट दाबावं तेवढं काही नाही. पाटी हललीच नाही. अण्णांनी भाच्याकडे पाहिलं, मग पाटीकडे, मग स्वतःच्या बोटाकडे. इतक्या वर्षांत त्या बोटावर त्यांनी प्रथमच संशय घेतला असावा.

"यात स्प्रिंगच नाही, मामा. आणि ही पाटी खाली जातच नाही. कधीच."

मग भाच्यानं जे सांगितलं ते मी जमेल तसं सांगतो. अॅपलनं 2015 साली ही पाटी आणली. तिच्या चार कोपऱ्यांखाली जोर मोजणारे काटे असतात. तुम्ही दाबलं की किती दाबलं ते त्यांना कळतं. मग आतला एक विद्युतचुंबक पाटीला किंचितसा हिसका देतो, आणि तोही खाली नाही, तर आडवा. हा हिसका इतका लहान आणि झटपट असतो की बोटाला दिशा कळत नाही. बोटानं खाली दाबलेलं असतं, तेवढ्यात काहीतरी हललं, म्हणजे खालीच गेलं असणार, असं डोकं परस्पर ठरवून टाकतं. आपल्या कातडीत खोलवर थरथर ओळखणारी कांद्याच्या पाकळ्यांच्या घडणीची सूक्ष्म बोंडं असतात. एकोणिसाव्या शतकात पाचिनी नावाच्या इटालियन माणसानं त्यांचं वर्णन केलं. ती थरथर टिपण्यात फार तल्लख, पण ती कुठल्या बाजूला झाली याची त्यांना फिकीर नाही. पुढच्याच वर्षी याच युक्तीनं आयफोनचं गोल बटणही न हलणारं केलं गेलं आणि लाखो लोक ते दाबत राहिले.

"म्हणजे हा नाटक करतो," अण्णा म्हणाले.

"आणि त्याचा जोर बदलतासुद्धा येतो." भाच्यानं लॅपटॉप चालू करून सेटिंग दाखवलं: हलका, मध्यम, जोरदार. अण्णांनी तिन्ही दाबून पाहिले. जोरदारला त्यांची मान नकळत डोलली आणि लगेच त्यांना स्वतःचाच राग आला. भाच्यानं आणखी एक गंमत दाखवली. एकदा खट् झाल्यावर तसंच आणखी दाबलं की आत अजून एक खट् होतो, बोटाला वाटतं पाटी पहिल्या मजल्यावरून तळघरात उतरली. पाटी जिथल्या तिथे.

त्या संध्याकाळी अण्णा जेवले नाहीत म्हणवत नाही, पण आमटी त्यांनी एकदाच घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ते वही घेऊन बसले. टायपिस्टची सवय, अन्याय झाला की आधी लेखी टिपण. भाच्याला समोर बसवून त्यांनी या फसवणुकीचा सगळा इतिहास उतरवून घेतला. 2001 साली जपानमध्ये एनटीटी डोकोमोच्या फुकुमोतो आणि सुगिमुरा यांनी काचेच्या पडद्याला बोटाखाली टिचकी देणारी युक्ती लावली आणि माणसं त्यावर जलद काम करतात, गोंगाटात तर जास्तच, असं दाखवून दिलं. "गोंगाटात!" अण्णांनी त्या ओळीखाली दोन रेघा ओढल्या. "कचरागाडी त्यांच्याकडेही येत असणार." 2008 साली ब्लॅकबेरीनं स्टॉर्म नावाचा फोन काढला. त्यात खोटेपणा नव्हता: अख्खा पडदाच एका मोठ्या बटणावर बसवलेला, कुठेही दाबा, सगळा पडदा खाली जाऊन खट् करणार. अण्णांना हा फोन ऐकूनच इतका आवडला की कुठे मिळेल ते त्यांनी विचारलं. तो लोकांना आवडला नाही, असं भाच्यानं सांगितलं. "लोकांना काय कळतंय," अण्णा म्हणाले आणि लोकांविषयीचं मत वहीत लिहिलं नाही, एवढंच. एका अमेरिकन कंपनीनं तर काचेवर पारदर्शक पापुद्रा लावून त्याखालच्या बारीक नळ्यांत द्रव सोडला होता. लिहायची वेळ आली की सपाट पडद्यावर बटणं फुगून वर यायची आणि काम झालं की मावळायची. "पुरीवाणी?" काकूंनी आतून विचारलं. भाचा म्हणाला, तसंच काहीसं, मामी. ते बाजारात काही टिकलं नाही.

मग फ्रिजचा विषय निघाला, आणि तिथे अण्णांची बाजू अनपेक्षितपणे वर आली.

त्यांच्या घरात एक जुना फ्रिज होता. त्याच्या दारावरून बोटांची मागची बाजू हलकेच फिरवली की पत्रा खरखरीत लागायचा. चिकट, दाणेदार. प्लग काढला की तोच पत्रा गुळगुळीत. अण्णा त्याला "फ्रिजला मुंग्या आल्या" म्हणत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हात लावून बघायला सांगत. पाहुणे लावत, "हो हो" म्हणत आणि चहाकडे वळत. भाच्यानं हे ऐकलं आणि तो ताठ बसला. 1953 साली एडवर्ड मॅलिंक्रॉट नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं हेच पाहिलं होतं: दिवा चालू असताना त्याच्या पितळी सॉकेटवरून बोट फिरवलं तर ते वेगळं लागतं आणि दिवा बंद असताना वेगळं. मागे फिरतीचा विद्युतप्रवाह असला की पत्रा बोटाला क्षणाक्षणाला ओढतो आणि सोडतो, त्यामुळे सरकणाऱ्या बोटाला अडथळा जाणवतो. बोट स्थिर असेल तर काहीच नाही. हीच गोष्ट धरून 2010 मध्ये डिस्नेच्या प्रयोगशाळेतल्या लोकांनी असा काचेचा पडदा केला, ज्यावरून बोट फिरवताना सपाट काच खडबडीत वाटते.

अण्णा वही मिटून उभे राहिले. "डिस्ने? म्हणजे तो उंदीरवाला? अरे, माझा फ्रिज हे त्याच्या आधीपासून करून राहिलाय!"

"मामा, पण तुमच्या फ्रिजचं अर्थिंग खराब आहे. ते धोक्याचं असतं."

"शोध लावणाऱ्याला धोका असायचाच."

काकूंनी त्याच दिवशी वायरमनला बोलावलं. त्यानं अर्धा तास खटपट केली, अर्थिंगची तार नीट बांधली आणि दारावरून हात फिरवून म्हणाला, "हो गया, अब करंट नहीं मारेगा।" अण्णांनीही हात फिरवला. गुळगुळीत. जागतिक दर्जाचं संशोधन रामबागेत दीडशे रुपयांत बंद पडलं. पैसे देताना अण्णांनी वायरमनकडे पाहिलंसुद्धा नाही.

दुपारी चहा झाला. अण्णा झोपाळ्यावर बसून भाच्याला त्या पाटीबद्दल पुन्हा पुन्हा तेच विचारत होते. राग उतरला होता आणि त्याची जागा एका वेगळ्याच गोष्टीनं घेतली होती. हा खोटा खट् आपल्यासारख्याला कसा फसवू शकला? ज्या माणसानं महाराणी रोडवर एकाच कंपनीचे स्विच वेगळे काढले, त्याला?

"सगळं वेळेवर आहे, मामा," भाचा म्हणाला. "बोट काही आत जाऊन तपासत नाही. दाबल्याबरोबर काहीतरी आलं की ते समाधान मानतं. तुमच्या फोनचा भुंगा उशिरा यायचा म्हणून तो खोटा वाटला. हा वेळेवर येतो म्हणून खरा वाटतो. खरं-खोटं दोन्हीकडे सारखंच."

"समेवर येतो म्हण ना," अण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजात आता थोडा आदर होता. "मेल्यानं सम साधलीय."

आतून काकूंच्या हसण्याचा आवाज आला. आधी बारीक, मग आवरेनासा. हातातली मेथीची जुडी तशीच घेऊन त्या बाहेर आल्या आणि खुर्चीत बसल्या.

"काय झालं?" अण्णांनी विचारलं.

"काही नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं, ही युक्ती माझी एकटीची."

भाचा आणि मी एकमेकांकडे पाहू लागलो. काकूंनी मेथी निवडत निवडत, अगदी पाककृती सांगाव्या तशा सुरात सगळं सांगितलं. अण्णा दिवसभर बोलतात. कचेरीचं, क्लासचं, गोदरेजचं, स्विचचं. लग्नानंतरची पहिली काही वर्षं त्या सगळं ऐकत. मग त्यांच्या लक्षात आलं की ऐकण्याची गरज नसते. अण्णांचं वाक्य संपता संपता, जरा आवाज उतरतो त्या जागी, 'हं' म्हणायचं. बस. जरा उशीर झाला तर ते विचारतात, "ऐकून राहिलीस ना?" आणि मग सगळं पहिल्यापासून. पण जागेवर पडलं की ते खूश होऊन पुढे जातात. "मी टीव्ही बघत असते, हिशेब लिहीत असते, कधी कधी तर डुलकीही लागलेली असते. हं मात्र चुकत नाही."

"लॅपटॉप बंद असताना," भाचा हळूच म्हणाला आणि गप्प झाला.

अण्णांचा झोपाळा थांबला. ते बराच वेळ काकूंकडे पाहत राहिले. मग, तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यानं जुनी फाइल मागावी तसं त्यांनी विचारलं, "आणि ते गोदरेजचं? 1955 चं?"

"हं," काकू म्हणाल्या. मेथीवरून नजरही न उचलता, अगदी जागेवर.

मी अण्णांकडे पाहत होतो. आदल्या दिवशी पाटी बंद असताना जो चेहरा झाला होता, तोच आता होईल असं मला वाटलं. पण त्यांनी पाय टेकून झोपाळ्याला हलकासा झोका दिला. माणसाची एकदा खात्री पटली की माल चांगला आहे, की तो भाव आणि प्रकार विचारायला लागतो. महाराणी रोडवर मी ते पाहिलं आहे.

"यात जोरदारचं सेटिंग आहे का?" अण्णांनी विचारलं.

"आहे ना," काकू उठत म्हणाल्या. "ते लावलं तर तुम्हाला झेपायचं नाही."